पाचवं घर पटायात

थायलंडला जाऊन आलो असं येरमाळ्यात सांगितलं की ऐकणारा आधी आमच्या मालकांकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "समदेच गेलता व्हय?" समदेच गेलतो बाबा. मी, मालक, आठवीतली ईश्वरी, चौथीतला सार्थक आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला जे ऐकायचं असतं ते आईला बरोबर नेलेल्या माणसाकडं नसतं.

म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. जे गेले नाहीत त्यांना कळंल, आणि जे जाऊन आलेत आणि घरी काही सांगत नाहीत त्यांनाही कळंल की आता आम्ही ती जागा बघून आलोय.

निघायच्या आधी

मालकांचं स्टँडजवळ खत-बियाण्याचं दुकान आहे. कंपन्या टार्गेट देतात आणि ते पुरं करणाऱ्या डीलरांना थायलंडला नेतात. कशासाठी नेतात हे कंपनी सांगत नाही, डीलर तर अजिबातच सांगत नाहीत. येताना सगळे बायकोला एकसारखी पर्स आणि पोरांना एकसारखा लाकडी हत्ती आणतात, आणि फोटोत सगळे एकाच देवळापुढं हात जोडून उभे असतात. मागच्या खेपेला आमच्याही घरी हत्ती आला. यंदा टार्गेट पुरं झाल्याचं कळलं तेव्हा मी म्हणाले, हत्ती मी स्वतः निवडते. मालक म्हणाले, बायका-पोरांना तिकडं करमत नाही. मी म्हणाले, तुम्हाला करमतंय ना, मग आम्हीही करमवून घेऊ.

पोरं निघाली म्हटल्यावर आत्याबाई म्हणाल्या, मला बी इमान बघायचंय. त्यांना नाही म्हणायची मालकांची छाती नाही. पण त्यांना खरी धास्ती होती ती वेगळ्याच कारणाची.

आत्याबाईंकडं येडेश्वरीची परडी आहे. मालक पाळण्यात असताना तापानं फणफणले, डोळे फिरवले, डॉक्टरनं हात टेकले. तेव्हा आत्याबाई अनवाणी येडाईचा डोंगर चढल्या आणि परडी घेऊन खाली उतरल्या. पोरगं जगलं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या गळ्यात कवड्यांची माळ घालतात, हातात वेताची परडी घेतात आणि पाच घरी जोगवा मागतात. कुणी मूठभर पीठ घालतं, कुणी तांदूळ, कुणी चिमूटभर मीठ. वाढणारीला आत्याबाई कुंकू लावतात, तिचं भलं मागतात आणि पुढच्या दारात जातात. पाच घरचं रांधून त्याचा घास पोटात गेल्याशिवाय त्या दिवशी पाण्यापलीकडं काही घेत नाहीत. माझ्या बाळंतपणात नेम मोडला नाही, गुडघा सुजला तेव्हाही मोडला नाही.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस डीलर झाल्यापासून लाजतो. माय बाजारात मागत आली की हे दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये तोंड घालतात. आत्याबाई या दुकानापुढं थांबतही नाहीत. पोराचं दुकान म्हणजे आपलंच घर, आणि घरचा जोगवा चालत नाही.

आता रविवारी निघायचं आणि गुरुवारी परत यायचं म्हणजे मधे मंगळवार. मालकांनी आईला समजावलं की देश बदलला की वार लागू होत नाहीत, आणि येडाईची हद्द तर समुद्र लागायच्या आतच संपते. आत्याबाई बरं म्हणाल्या. मग त्यांनी परडी टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीत धपाट्यांच्या खाली ठेवली. पिशवी मीच भरत होते, मी वरनं धपाटे सारखे केले.

पटाया, सोमवार

विमानाचं काही सांगत नाही, सगळ्यांचं विमान सारखंच असतं. फक्त तपासणीच्या तिथं परडी निघाली, कुंकवाची पुडी फुटली आणि वर्दीतल्या बाईची बोटं लाल झाली. तिनं इकडंतिकडं बघून तेच बोट स्वतःच्या कपाळाला टेकवलं आणि पिशवी पुढं ढकलली. मालक तेव्हा दुसऱ्याच रांगेत उभं राहून आपण या कुटुंबातले नाहीच असं दाखवत होते.

पटायात बसमध्ये सगळे डीलर होते. त्यांचा म्होरक्या बार्शीकडचा, त्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात. काळा गॉगल, गळ्यात जाड साखळी, आणि शर्टावर नारळाची झाडं. तसेच शर्ट कंपनीनं सगळ्यांना वाटले होते, त्यामुळं बसमध्ये नारळाची बाग बसल्यासारखं दिसत होतं. सगळे रंगात आले होते. तेवढ्यात आत्याबाई पायरी चढून वर आल्या, "रामराम बाप्पांनो" म्हणाल्या आणि पहिल्या सीटवर मांडी घालून बसल्या. झालं, बसचा हरिनाम सप्ताह झाला. भाऊसाहेबानं गाणं बंद करायला लावलं. मागनं एक डीलर, सोनारीकडचा, भैरवनाथाच्या यात्रेबद्दल बोलायला लागला. मला हसू आवरंना.

जेवायला कंपनीनं भारतीय हॉटेल बघितलं होतं. माणसं समुद्र ओलांडून आली आणि नळदुर्गच्या ढाब्यावर जे खातात तेच खात बसली, फक्त इथं ते गार मिळत होतं. पनीर सकाळी, पनीर दुपारी. बाहेरचं काय खाता म्हणून भाऊसाहेब आम्हाला सांगत होता की या लोकांना खायचं काही कळत नाही. त्यानं बाहेरचं काही खाल्लंच नव्हतं, म्हणून त्याचं मत पक्कं होतं.

आम्ही बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाला एक बाई खोलगट उखळात कच्ची पपई, मिरच्या आणि भाजलेले शेंगदाणे कुटत होती. उखळ-मुसळाचा आवाज ऐकून आत्याबाईंचे पाय आपोआप थांबले. बघत बसल्या, मग हातानंच सांगायला लागल्या की शेंगदाणे अजून बारीक पाहिजेत. ती बाई हसली आणि मुसळ त्यांच्याच हातात दिलं. आत्याबाईंनी चार घाव घातले. मग पिशवीतनं आपली शेंगदाण्याची चटणी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं चाटली. मिरची खाऊन वाढलेली बाई ती, तरी डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं परत हात पुढं केला. सार्थकनं तोवर शेजारच्या गाड्यावरचा तळलेला नाकतोडा खाल्ला आणि शाळेत सांगायला फोटो काढून घेतला. ईश्वरी त्याच्यापासून लांब उभी राहिली आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

तिथं आणखी एक गंमत बघितली. प्रत्येक दुकानापुढं, हॉटेलापुढं, खांबावर एक छोटं देऊळ. जागेचा जो राखणदार असतो त्याचं. आपल्याकडं बांधावर म्हसोबा असतो तसा. फक्त आपल्या म्हसोबाला बोकड लागतो आणि यांच्या राखणदाराला लाल सरबताची बाटली, तीही झाकण काढून, वर नळी खोचून. सकाळी दुकान उघडलं की आधी त्याला उदबत्ती, मग धंदा. आमच्या हॉटेलाला लागूनच मालिशचं दुकान होतं, गुलाबी पाटीचं. त्याच्या दारातही असं देऊळ होतं. संध्याकाळी सगळे डीलर त्या दारावरनं जाताना आभाळाकडं बघत गेले. सार्थकनं विचारलं, आत काय करतात. पाय दाबतात, मी म्हणाले. मग आजीला नेऊ या का, त्याचा प्रश्न. मालकांना एकदम ठसका लागला.

पटाया, मंगळवार

सकाळी उठले तर आत्याबाई आंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून, कवड्यांची माळ घालून पलंगावर तयार. मांडीवर परडी. मालकांची झोप उडाली.

"माय, आज सोमवारच हाय," ते म्हणाले. "हितं घड्याळ पुढं पळतंय, म्हणून वार मागं ऱ्हातो."

"पप्पा, मोबाईलमध्ये मंगळवार आहे," सार्थक म्हणाला.

मालकांनी त्याच्याकडं असं बघितलं की पोरगं पांघरुणात शिरलं. आत्याबाईंनी परडी उचलली. उठल्या आणि लिफ्टकडं निघाल्या. मी पोरांना घेऊन मागं. मालक म्हणाले, मी तोंड धुऊन येतो. आपण खाली येईस्तोवर बस निघायची वेळ व्हावी आणि हे सगळं मिटावं, एवढाच त्यांचा हिशोब होता.

खाली रस्त्यावर येऊन बघतो तर काय. आदल्या संध्याकाळी जिथं दिव्यांचा नुसता धिंगाणा होता, त्याच रस्त्यानं भगव्या वस्त्रातले भिक्खू एकामागं एक चालले होते. अनवाणी, पोटाशी भलंमोठं भांडं धरलेलं, तोंडानं एक शब्द नाही. दुकानवाल्या बाया चपला काढून उभ्या होत्या. कुणी भात घालत होतं, कुणी भाजीची पुडी. वाढून झालं की त्या तिथंच रस्त्यावर गुडघे टेकून, हात जोडून खाली बसायच्या, भिक्खू थांबून काहीतरी म्हणायचे आणि पुढं जायचे.

आत्याबाई हे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हितं तर समदं गावच परडीवालं हाय."

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी चपला पायरीवर काढल्या आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. शेवटचा भिक्खू तरणाताठा होता. त्यानं मागं वळून हिरवं लुगडं बघितलं, परडी बघितली, आणि परत पुढं बघून चालायला लागला. मला वाटलं, आता कोणीतरी हाकलतंय. मी पदर तोंडाला लावून उभी.

पहिल्या दारात कालची पपईवालीच निघाली. तिनं भिक्खूंना वाढलं, मग आत्याबाई पुढं आल्या. क्षणभर ती बघतच राहिली. आत्याबाई म्हणाल्या, जोगवा वाढा माय. तिला भाषा काय कळणार, पण तिनं भाताची मूठ परडीत टाकली आणि सवयीनं गुडघे टेकून बसली. आत्याबाईंना तर नेमकं तेच पाहिजे होतं. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आपल्या घोगऱ्या आवाजात येडाईचं नाव घेऊन तिचं भलं मागितलं. ती बाई खुशीत उठली. तिला जे मिळायचं ते मिळालं होतं, आत्याबाईंनाही मिळालं होतं. बाजूच्या बायांनी ते बघितलं आणि त्याही मूठ भरून तयार. शिजलेलं चालतं का म्हणून मी विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, ज्याच्या चुलीवर जे असंल ते.

एका बाईनं भातावर सुका मासा ठेवून दिला. मंगळवारचा मासा. आत्याबाईंनी भात परडीत घेतला, मासा उचलला आणि पुढच्या भिक्खूच्या भांड्यात सोडून, गुडघा दुखत असतानाही वाकून नमस्कार केला. त्या पोरसवद्या भिक्खूला हसू आलेलं मी बघितलं. आजीनं परदेशात मागितलंही आणि वाढलंही, ईश्वरी म्हणाली. एरवी तिरकं बोलणारी पोर माझी, पण कधी कधी बरोबर बोलते.

चार घरं झाली आणि रस्ता संपला. भिक्खू देवळात गेले. बाया पातेली घासायला आत गेल्या. नेमकी त्याच वेळी बस लागली आणि सगळे डीलर नारळाची झाडं घालून खाली उतरले, मालकांसकट.

मालकांनी आईला बघितलं आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. अनवाणी माय, रस्त्याच्या कडंला, हातात परडी, परडीत लोकांनी दिलेला भात. भाऊसाहेबानं मोबाईल वर केला आणि व्हिडिओ काढायला लागला.

"काय दत्ताभाऊ," तो मालकांना म्हणाला, "यंदा टार्गेट कमी पडलं का काय?"

सगळी बाग हसली. मालक आईजवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "माय, चल आत. लोकं काय म्हनत्याल." मला असा राग आला, असा राग आला की हातातली पाण्याची बाटली भाऊसाहेबाच्या गॉगलवर फेकावी. त्यापेक्षा जास्त राग मालकांचा आला. या माणसाचे डोळे फिरले होते तेव्हा या बाईनं ही परडी हातात घेतली, आणि हा म्हणतोय लोकं काय म्हणत्याल.

आत्याबाई चालायला गेल्या तर गुडघ्यानं दगा दिला. त्या फुटपाथच्या कडंला बसल्या. परडी तेवढी मांडीवर धरून ठेवली. आदल्या दिवशीच्या धपाट्यानंतर पोटात काही नव्हतं आणि बीपीची गोळी जेवल्याशिवाय घेता येत नव्हती. मी म्हणाले, परडी माझ्याकडं द्या, पाचवं घर मी मागते. त्यांनी मान हलवली.

"ज्याच्यासाठी घेतली त्याच्या हातात देते," त्या म्हणाल्या. "न्हायतर उपाशी ऱ्हाते. मला सवय हाय."

त्यांनी परडी मालकांपुढं धरली. मालकांनी रस्ताभर बघितलं. दुकानं बंद, बाया आत गेलेल्या. एकच दार उघडं होतं, गुलाबी पाटीचं. दारात एक पोरगी, केस ओले, झाडून काढून राखणदाराच्या देवळात उदबत्ती लावत होती.

मालक म्हणाले, ते सोडून दुसरं कुठलंही दार सांग. आत्याबाई म्हणाल्या, मग दुसरं दाखव. दुसरं नव्हतं. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, भाऊसाहेबाचा मोबाईल चालूच होता, आणि आमचे मालक, येरमाळ्याचे प्रतिष्ठित डीलर, मालिशच्या दुकानाकडं बघत उभे होते. मी दोन पावलं मागं सरले. हे त्यांचं त्यांनीच करायचं होतं.

त्यांनी आईनं पुढं धरलेल्या परडीकडं बघितलं. मग स्वतःच्या डोळ्यांवरचा गॉगल काढून खिशात घातला. मग बूट काढले, मोजे काढले, आणि परडी घेऊन रस्ता ओलांडला. मागनं कुणीतरी शिट्टी मारली.

"माय, जोगवा वाढा," ते म्हणाले. पहिल्यांदा स्वतःच्या पायांकडं बघून म्हणाले, म्हणून परत तिच्याकडं बघून म्हणाले.

ती पोरगी दचकली. अशा शर्टातला माणूस सकाळी दारात कशाला येतो हे तिला वेगळंच माहीत असणार. पण तिनं त्याचे अनवाणी पाय बघितले, परडी बघितली, आणि काही न विचारता आत गेली. कुकरमधला वाफाळता भात वाटीत घेऊन आली. चपला काढल्या, भात परडीत घातला आणि दारात गुडघे टेकून, डोळे मिटून बसली. वाट बघत.

मालकांना पुढं काय करायचं तेच सुचंना. कविता म्हणायला उभं केलेलं पोरगं मधेच विसरलं की जसं आईला शोधतं, तसे ते वळून बघायला लागले.

"कुंकू लाव तिला," आत्याबाई रस्त्यापलीकडनं ओरडल्या. "आन भलं माग तिचं. नुसता उभा ऱ्हाऊ नको."

मालकांनी कुंकू लावलं. काय मागितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ओठ बराच वेळ हलत होते. पोरगी उठून हसली, हात जोडले, आणि परत झाडायला लागली. मालक परत आले तेव्हा डोळे पुसत होते. ऊन लागलं म्हणाले. अजून ऊन पडायचं होतं.

आत्याबाईंनी तिथंच फुटपाथवर पाच घरचा भात एकत्र केला, वर शेंगदाण्याची चटणी घातली आणि जेवल्या. पहिला घास मालकांनी भरवला. बस आम्हाला सोडून, बाकीच्यांना घेऊन बेटाच्या बोटीकडं गेली. बेटावर पॅराशूटनं उडायचं राहिलं म्हणून सार्थक दिवसभर फुगून बसला, बाकी कुणाचं काही गेलं नाही. हत्ती मी निवडला. तो दगडाचा आहे.

येरमाळा, शुक्रवार

आमच्याआधी व्हिडिओ गावात पोचला होता. भाऊसाहेबानं आत्याबाई, बाया, भिक्खू सगळं कापून टाकलं होतं. फक्त मालक सकाळी सकाळी मालिशच्या दारात, एवढंच ठेवलं होतं. ज्यांनी आजवर घरी हत्ती आणलेत त्यांनीच तो सगळ्यात जास्त पुढं पाठवला.

शुक्रवारी युरियाची गाडी आली होती, दुकानापुढं रांग. रांगेतली माणसं एकमेकांना मोबाईल दाखवून हसत होती. शाळेत शिकवून मी नुकतीच दुकानात आले होते. आत्याबाई नेहमीसारख्या परडी घेऊन बाजारातनं मागत आल्या आणि नेहमीसारख्या आमच्या दुकानापुढनं न थांबता निघाल्या.

मालक कॉम्प्युटर सोडून उठले. शेजारच्या गिरणीतनं ओंजळभर पीठ आणलं, पायरीवर चपला काढल्या आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर आईपुढं रस्त्यात गुडघे टेकून बसले. रांगेतलं हसणं थांबलं.

"घरचं चालत न्हाय रं," आत्याबाई म्हणाल्या.

"पीठ गिरणीतलं हाय. आन दुकान तरी आपलं कुठंय माय," मालक म्हणाले, "आतला समदा माल कंपनीचा हाय."

आत्याबाईंनी जरा विचार केला. मग परडी पुढं केली. पीठ घेतलं, कुंकू लावलं, येडाईचं नाव घेतलं. मालक तसेच हात जोडून, डोळे मिटून बसून राहिले, त्या पोरीसारखे. आत्याबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग म्हणाल्या, "ऊठ दत्ता. गिऱ्हाईक खोळंबलंय."